धर्माची गाय आणि स्वाराचे शिरस्त्राण

वापरलेली वस्तू टाकून न देता एखाद्या नवशिक्याच्या हाती सोपवावी, हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतील जुना शिरस्ता आहे. वार्षिक परीक्षा संपली की वरच्या वर्गातील मुलाची पुस्तके खालच्या वर्गातील मुलाकडे जातात. थोरल्याची सायकल धाकट्याकडे येते, आत्याची पेटी भाचीकडे येते. या देवघेवीत पैशाची बचत होते हे तर खरेच; परंतु तिचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. आपण जे शिकलो ते दुसऱ्यानेही शिकावे, आपल्या वाटेने आणखी कोणी चालावे, ही इच्छा तिच्यामागे असते. ही प्रथा चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की प्रत्येक वस्तू अशा रीतीने देण्याजोगी असते काय? आणि वस्तू हातावर ठेवली म्हणजे देणाऱ्याचे कर्तव्य संपते काय?

या प्रश्नांचा विचार करताना पुस्तकाचे उदाहरण फारसे उपयोगी पडत नाही. जुन्या पुस्तकाचे पान फाटलेले निघाले तर विद्यार्थ्याचे फार तर दोन गुण जातील. हिशेब चुकला तर त्याची किंमत हाडांनी आणि प्रसंगी जिवाने मोजावी लागते अशी वस्तू विचारार्थ घ्यावयास हवी. घोडेस्वारीचे सामान ही तशी वस्तू आहे. स्वारी सोडलेल्या माणसाच्या घरी खोगीर, लगाम, रिकिबी, बूट, शिरस्त्राण असे सामान पडून असते. ओळखीतल्या कुणाचा मुलगा किंवा मुलगी स्वारी शिकू लागल्याचे कानावर येते, आणि मोठ्या आनंदाने हे सारे सामान त्याच्या घरी पोहोचते. वरवर पाहता यात वावगे काहीच नाही. वास्तविक, विचार करण्यासारखे बरेच आहे.

घोडेस्वारी हा धनिकांचा शौक, त्याच्याशी शिक्षक-कारकुनांना काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु तोच तर या प्रश्नाचा गाभा आहे. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताच्या चार तरुण स्वारांनी ‘ड्रेसाज’ या, घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, सांघिक प्रकारात सुवर्णपदक मिळविले. १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धांनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी, अश्वारोहणात भारताला मिळालेले हे पहिले सुवर्णपदक. या चौघांत मुंबईचा एक तरुण होता, इंदूरची एक तरुणी होती. हे यश कौतुकास्पद आहेच. परंतु त्यासाठी या स्वारांना युरोपात राहून सराव करावा लागला. ज्या क्रीडाप्रकाराच्या उंबरठ्यावरच एवढा खर्च उभा असतो, त्यात सामान्य घरातील मुलाने पाऊल तरी कसे टाकावे? जुन्या सामानाची देवघेव हा त्या उंबरठ्याची उंची कमी करण्याचा एक मार्ग आहे. म्हणूनच तो नीट आखला पाहिजे.

बारगीर आणि शिलेदार

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. शिवकालीन घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराला मात्र घोडा आणि सामान सरकारी पागेतून मिळे. ज्याच्या घरी घोडा बांधण्याची ऐपत नाही अशा शेतकऱ्याच्या मुलालाही स्वार होता यावे, ही सोय बारगिरीच्या पद्धतीने केली. आजच्या भाषेत बोलायचे तर व्यवसायात प्रवेश करण्यासाठी लागणारे भांडवल राज्याने पुरविले आणि मनुष्याने केवळ आपले कौशल्य आणले.

या पद्धतीतील एक बारकावा आपण सहसा ध्यानात घेत नाही. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे घोडा दिला आणि राज्य मोकळे झाले, असे नव्हते. घोड्याला पाणी पाजणारा आणि त्याचे नाल पाहणारा माणूसही सोबत दिलेला होता. देणगीबरोबर देखभालही द्यावी लागते, हे व्यवहारज्ञान त्या व्यवस्थेत होते. आज आपण जेव्हा माळ्यावरचे खोगीर काढून नवशिक्याच्या हवाली करतो, तेव्हा घोडा देतो, पण नालबंद देत नाही. सामान जाते, त्या सामानाविषयीचे ज्ञान मात्र देणाऱ्याच्याच डोक्यात राहते.

सामानाचे तीन वर्ग

सर्वच सामान एका मापाने मोजणे चूक आहे. झीज कोठे होते आणि ती डोळ्यांना दिसते किंवा नाही, यावरून त्याचे तीन वर्ग पाडता येतील.

पहिला वर्ग झीज उघड दिसणाऱ्या वस्तूंचा. स्वारीचे बूट, हातमोजे, विजारी, खरारा, ब्रश, घोड्याच्या पाठीवरची घोंगडी या त्यातल्या. ज्या विजारीने जोधपूरचे नाव जगभर नेले ती ‘जोधपुरी’ वाढत्या वयाच्या मुलाला फार तर दोन वर्षे येते. बुटांचेही तेच. फाटले असेल तर फाटलेले दिसते, टाच झिजली असेल तर झिजलेली दिसते. या वस्तू निःशंक मनाने द्याव्यात व घ्याव्यात. बुटाला टाच हवी, एवढे मात्र पाहावे. टाच असली म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार घसरत नाही. सपाट तळाच्या खेळाच्या बुटांवर स्वारी शिकणाऱ्या मुलाला कुणी टाचेचे जुने बूट दिले, तर ती देणगी लाखमोलाची समजावी.

दुसरा वर्ग चामड्याच्या सामानाचा. त्यातील झीज अर्धी दिसते आणि अर्धी लपलेली असते. मात्र जाणत्या माणसाला ती शोधून काढता येते. खोगिराच्या आत एक सांगाडा असतो. घोडा खोगिरासह लोळला किंवा ते उंचावरून पडले तर हा सांगाडा तडकतो, आणि वरचे चामडे मात्र जसेच्या तसे राहते. पुढचा उंचवटा आणि मागचा काठ धरून दाब दिला असता खोगीर नको तेवढे वाकले किंवा करकरले, तर ते कारागिराकडे नेल्यावाचून घोड्यावर चढवू नये. तंग ज्या पट्ट्यांना बांधतात त्यांची शिवण हा दुसरा नाजूक भाग. आपल्याकडच्या पावसाळी हवेत माळ्यावर पडलेल्या चामड्याला बुरशी येते आणि शिवणीचा दोरा आतून कुजतो. तेल लावून चामडे चकचकीत करता येते, पण कुजलेला दोरा चकचकीत होत नाही. भर दौडीत ती शिवण उसवली म्हणजे खोगीर स्वारासकट घोड्याच्या पोटाखाली जाते.

रिकिबीचे पट्टेही असेच पारखून घ्यावे लागतात. स्वार बहुधा डाव्या बाजूने घोड्यावर चढतो. त्यामुळे डावा पट्टा वर्षानुवर्षे अधिक ताणला जाऊन उजव्यापेक्षा लांब होतो. हे ठाऊक असणारा स्वार पट्ट्यांची मधूनमधून अदलाबदल करतो. ठाऊक नसलेल्या नवशिक्याला मात्र आपलीच बैठक वाकडी आहे असे वाटत राहते, आणि जो दोष पट्ट्यात आहे तो तो स्वतःच्या अंगी शोधीत बसतो. रिकिबीची रुंदी स्वाराच्या बुटापेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर अधिक असावी. अरुंद असेल तर पडताना पाऊल अडकते, फार रुंद असेल तर पाऊल आत घुसते. आणि अडकलेल्या पावलाचा स्वार घोड्यामागे फरफटत जातो. मोठ्या माणसाच्या रिकिबी मुलाला देणे हे म्हणूनच धोक्याचे.

शिवाय खोगिराला दोघांची मापे लागतात, स्वाराचे आणि घोड्याचेही. घोड्याच्या खांद्यावरील उंचवट्यावर ते टेकता कामा नये, कण्यावर दाबता कामा नये. आत भरलेली लोकर जुनी होऊन तिच्या गाठी झाल्या की घोड्याच्या पाठीला जखमा होतात. खोगिरात काय भरले आहे ते वरून दिसत नाही, म्हणून वाटेल ते कोंबण्याचा मोह होतो. मराठी भाषेने ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरण्यासाठी कायमचा करून ठेवला, त्याचे मर्म यात आहे. भरती वाईट असली तर ती प्रथम घोड्याला कळते. आणि पाठ दुखणारा घोडा पाठीवरच्या मुलाला ते आपल्या रीतीने कळवितो.

तिसरा वर्ग झीज मुळीच न दिसणाऱ्या वस्तूंचा, आणि त्यात मुख्य म्हणजे शिरस्त्राण. स्वाराच्या आधुनिक शिरस्त्राणाचे खरे काम बाहेरचे कठीण कवच करीत नाही. आतील, थर्मोकोलच्या जातीचा, फेसाळ थर करतो. डोके आपटले म्हणजे तो थर दबतो, चिरडतो आणि आघाताची ऊर्जा स्वतःत जिरवतो. हे काम तो एका जागी एकदाच करू शकतो. चिरडलेला थर पुन्हा फुगून पूर्ववत होत नाही. बाहेरचे कवच आणि मखमल मात्र नव्यासारखी राहते. म्हणूनच एकदा आपटलेले शिरस्त्राण वापरातून काढावे, आणि न आपटलेलेही साधारण पाच वर्षांनी बदलावे, असा सल्ला दिला जातो. मानकेही बदलत असतात. युरोपात दीर्घकाळ चालत आलेल्या एका मानकाची शिरस्त्राणे ब्रिटनमधील प्रमुख अश्वारोहण संस्थांनी २०१६ च्या आरंभापासून स्वीकारणे बंद केले. म्हणजे एकदाही न पडलेल्या स्वाराचे जुने शिरस्त्राणही आज कमी प्रतीचे ठरू शकते. धडाच्या रक्षणासाठी घालावयाच्या जाकिटातील फेसाळ भरणही असेच कालांतराने निकामी होते.

नवशिक्या मुलाला कोठे एवढे जोराने जायचे आहे, असा युक्तिवाद यावर ऐकू येतो. २०१० सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय हिला अपघात झाला. शर्यत नव्हती की अडथळ्यावरची उडी नव्हती. सपाट मैदानावर सराव चालू असताना घोड्याचे पाय अडखळले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. कवटीला तडा जाऊन ती काही आठवडे बेशुद्ध होती. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने पुढे २०२१ पासून ड्रेसाज स्पर्धांतील उंच टोपीची जुनी रीत मोडून संरक्षक शिरस्त्राण सक्तीचे केले. बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या स्वाराची जी गत, तीच शिकाऊ मुलाची होणार नाही, असे कोणत्या आधारावर म्हणावे?

भेट आणि बाजार

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० मधील प्रसिद्ध निबंधाची आठवण होणे अपरिहार्य आहे. या विचारासाठी त्यांना २००१ साली अन्य दोघांसमवेत नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. त्यांनी उदाहरण घेतले ते जुन्या मोटारींचे. मोटारीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा सावधगिरीने सर्वच जुन्या मोटारींना कमी किंमत देऊ करतो. मग चांगल्या मोटारीचा मालक ती बाजारात आणीतच नाही, आणि बाजारात वाईट मालच उरतो. ज्ञानाची ही विषमता बाजाराला पोखरते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भेट म्हणून दिलेल्या वस्तूत ही विषमता अधिकच तीव्र होते. बाजारात घेणारा निदान घासाघीस करतो, चार ठिकाणी चौकशी करतो, वस्तू उलटीपालटी करून पाहतो. मोबदला देऊन घेतलेल्या वस्तूत दोष निघाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीचा मार्ग तरी असतो. फुकट मिळालेल्या वस्तूचा घेणारा या कायद्याच्या अर्थाने ग्राहकच नसतो. आणि कायदा दूरच राहिला, साधा प्रश्न विचारण्याचीही त्याला चोरी होते. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. इंग्रजांनी तर हीच म्हण घोड्यावर रचली आहे. दातांवरून जनावराचे वय कळते. पण दान मिळालेल्या जनावराचे वय विचारणे हा उर्मटपणा. ‘काका, हे शिरस्त्राण घालून आपण कधी पडला होतात काय?’ असे विचारण्याचे धैर्य चौदा वर्षांच्या मुलाला कोठून यावे? कृतज्ञता त्याचे तोंड बंद करते.

म्हण खोटी आहे असे नाही. ती घेणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने दात मोजू नयेत हे मान्य केले, तर ते मोजण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते, हा त्या म्हणीचा न उच्चारलेला उत्तरार्ध होय. ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्यानेच तपासले पाहिजे, त्यानेच सांगितले पाहिजे आणि जे देण्याजोगे नाही ते बाजूला काढले पाहिजे.

यात आणखी एक विपर्यास आहे. शिकाऊ माणसाला पहिल्या वर्ष-दोन वर्षांत खोगिराची गरजच नसते. तो शिकतो ते संस्थेच्या घोड्यावर, आणि त्या घोड्याच्या मापाचे खोगीर संस्थेकडेच असते. त्याला लागते ते अंगावरचे सामान: शिरस्त्राण, बूट, विजार, हातमोजे. देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र खोगीर हीच मोठी देणगी असते, कारण तेच सर्वांत महाग. असे भारदस्त खोगीर घरात येऊन पडले म्हणजे त्याला साजेसा घोडा शोधण्याचा मोह होतो. नालासाठी घोडा घेण्याची म्हण अक्षरशः खरी होते. म्हणजे जे निर्धास्तपणे देता येत नाही ते शिरस्त्राण त्याला पहिल्या दिवशी हवे असते, आणि जे अभिमानाने दिले जाते ते खोगीर त्याला तूर्त नको असते. दानाचे मोल देणाऱ्याने भरलेल्या किमतीवरून ठरत नाही, घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरते, हा साधा सिद्धान्त येथे विसरला जातो.

काही आक्षेप

या विवेचनावर दोन-तीन आक्षेप संभवतात आणि ते दुर्लक्षणीय नाहीत.

पहिला आक्षेप असा, की डोक्यावर काहीच नसण्यापेक्षा जुने शिरस्त्राण काय वाईट? माथेरानला मोटारींना मज्जाव असल्यामुळे घोडा हे तेथील नित्याचे वाहन आहे. तेथे किंवा महाबळेश्वरला हौसेने घोड्यावर बसणारा प्रवासी पुष्कळदा उघड्या डोक्यानेच बसतो. अशा देशात जुन्या शिरस्त्राणाची चिकित्सा करणे हे चोचले नव्हेत काय? एका क्षणापुरता विचार केला तर आक्षेप खरा वाटतो. परंतु वस्तू एका क्षणासाठी दिली जात नाही. घरात एक शिरस्त्राण आले की नवे घेण्याचा प्रश्न मिटला असे पालक समजतात. जुन्याची तुलना ‘काहीच नाही’ याच्याशी करून चालत नाही. जुने नसते तर जे नवे घेतले गेले असते, त्याच्याशी ती केली पाहिजे. संधिमूल्य मोजावयाचे ते असे. नवे, प्रमाणित शिरस्त्राण काही हजार रुपयांत मिळते. चांगल्या चामडी खोगिराला त्याच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते, आणि परदेशी बनावटीचे खोगीर लाखाच्या घरात जाते. बूट-विजारी जुन्या मिळाल्या तर वाचलेल्या पैशांत नवे शिरस्त्राण बसू शकते. जुन्या सामानाने हीच तर सोय करावयाची आहे.

हा प्रश्न केवळ स्वारांचा नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. दुचाकीचे जुने हेल्मेट महाविद्यालयात जाणाऱ्या भाच्याला देणारे मामा आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असतील. जून २०२१ पासून दुचाकीसाठी भारतीय मानकाचा शिक्का असलेलीच हेल्मेटे विकण्याचे बंधन आले. पण मामाने भाच्याला दिलेल्या हेल्मेटावर कोणाचीच तपासणी नसते. आतील थराची गोष्ट तेथेही तीच आहे. दुचाकीचे हेल्मेट घोड्यावर चालेल असे मात्र कोणी समजू नये. पडण्याची रीत निराळी, म्हणून मानकही निराळे.

दुसरा आक्षेप भावनेचा. एवढ्या अटी घातल्या तर कोणी कोणाला काही देणार नाही, औदार्य आटून जाईल. पण या अटी घेणाऱ्यावर नाहीत, देणाऱ्यावर आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. अर्धा तास आणि एक कागद लागतो. ज्या औदार्याला अर्धा तास जड वाटतो, ते औदार्य नसून माळा रिकामा करण्याची निकड असते. ती निकडही चुकीची नाही. फक्त तिला दानाचे नाव देऊ नये.

तिसरा आक्षेप कारागिराच्या बाजूने येऊ शकेल. कानपूर हे खोगीर आणि लगाम यांच्या धंद्याचे देशातील मोठे केंद्र. तेथील मालाला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेली आहे आणि तो युरोप-अमेरिकेतील स्वारांच्या घोड्यांवर चढतो. जुने सामान फिरत राहिले तर नव्याचा खप कमी होऊन या कारागिरांचे नुकसान होणार नाही काय? अनुभव असा सांगतो, की ज्या वस्तूला पुढे गिऱ्हाईक किंवा मानाने घेणारा आहे ती नवी घेतानाही माणूस चांगली घेतो. शिवाय जुने खोगीर तपासून, पुन्हा शिवून, लोकर बदलूनच पुढे जावे असा दंडक पडला, तर गावोगावच्या चर्मकारांना दुरुस्तीचे काम मिळेल. शिकणाऱ्यांची संख्या वाढली तर नव्या मालालाही देशात मागणी येईल. आज आपला उत्तम माल परदेशी नवशिक्यांसाठी जातो आणि आपला नवशिका माळ्यावरच्या मालावर शिकतो, ही स्थिती भूषणावह नाही.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत. प्रथम वैयक्तिक पातळीवरचा. सामान देणाऱ्याने त्यासोबत एक चिठ्ठी द्यावी. वस्तू केव्हा घेतली, किती वापरली, कोणती दुरुस्ती झाली, ती वापरताना कधी अपघात झाला काय, आणि कोणत्या मापाच्या घोड्यावर ती चालत होती, एवढी पाच उत्तरे त्या चिठ्ठीत असावीत. घेणाऱ्याला तोंडाने विचारण्याचा संकोच पडतो; कागद तो संकोच दूर करतो. शिरस्त्राण जुने द्यायचे नाही, हा नियम निरपवाद असावा. इतकेच नव्हे, तर ते कवचासकट मोडून टाकावे; म्हणजे कचऱ्यातून उचलून कोणी पुन्हा डोक्यावर घालणार नाही. ज्याला खरोखरच मोठी देणगी द्यावयाची आहे त्याने जुने बूट द्यावेत आणि त्यावर नव्या शिरस्त्राणाची किंमत ठेवावी.

दुसरा उपाय संस्थांचा, आणि खरा भर त्यावर हवा. स्वारी शिकविणाऱ्या संस्थांनी सदस्यांचे जुने सामान स्वतःकडे जमा करून सामानाची पेढी उघडावी. आलेली प्रत्येक वस्तू संस्थेच्या शिक्षकाने व कारागिराने तपासावी, नोंदवहीत तिचा इतिहास लिहावा, आणि ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे अल्प अनामत घेऊन ती शिकणाऱ्याला वापरावयास द्यावी. मुलाचे पाऊल वाढले की बूट परत करून त्याने मोठे न्यावेत. यामुळे देणारा आणि घेणारा समोरासमोर येत नाहीत. उपकाराचे ओझे राहत नाही, प्रश्न विचारण्याची चोरी राहत नाही. ज्ञानाची जी विषमता दोन व्यक्तींत असते ती संस्था मध्ये आल्याने मिटते. ब्रिटनमध्ये १९२९ साली स्थापन झालेल्या ‘पोनी क्लब’ या मुलांच्या संघटनेत शिरस्त्राण मानकानुसार आहे की नाही हे पदाधिकारी तपासतात आणि त्यावर तशी खूण बांधतात. खूण नसेल तर घोड्यावर बसता येत नाही. यात श्रीमंतीचा काही संबंध नाही, शिस्तीचा आहे.

आपल्याकडेही राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकांत सामान्य घरांतील विद्यार्थी सरकारी घोड्यावर, सरकारी खोगीर घालून स्वारी शिकतो. बारगिरीचीच ही आजची आवृत्ती होय. खाजगी संस्थांनी तिचे अनुकरण करण्यात कमीपणा नाही. एखाद्या शाळेला घोडा परवडणार नाही. पण पाच-सहा नवी शिरस्त्राणे व दहा जोड जुने बूट घेऊन जवळच्या संस्थेत मुले पाठविणे काही शाळांना तरी अशक्य नाही.

वस्तू देणे सोपे असते, कारण ती देताना घरातली जागा मोकळी होते. ज्ञान देणे त्या मानाने कठीण, कारण त्यासाठी बसावे लागते, सांगावे लागते आणि प्रसंगी ‘ही वस्तू तुला देण्यासारखी नाही’ असे म्हणावे लागते. आपल्या समाजात वस्तू पुढच्या हाती सोपविण्याची चाल आहे. तिच्यासोबत वस्तूचा खरा इतिहास सोपविण्याची चाल अजून पडावयाची आहे. धर्माच्या गाईचे दात घेणाऱ्याने खुशाल मोजू नयेत. देणाऱ्याने मात्र ती दावणीतून सोडण्यापूर्वी ते मोजलेच पाहिजेत, आणि किती आहेत ते सांगितलेही पाहिजे.